आंतरजालावरील लिलाव-बाजार : आधी येण्याचे मोल किती ?

लिलाव ही विक्रीची पद्धत महाराष्ट्रातील ग्रामीण जीवनास नवी नाही. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात मालाभोवती व्यापारी जमतात, बोली चढत जाते आणि शेवटच्या बोलीवर सौदा पक्का होतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगावची बाजारपेठ कांद्यासाठी देशभर ओळखली जाते. तेथे माल घेऊन जाण्यात शेतकऱ्याचा हिशेब साधा असतो. जेथे घेणारे अधिक, तेथे भाव मिळण्याची आशा अधिक. घेणाऱ्यांचा हिशेबही तसाच असतो. जेथे माल अधिक, तेथे निवड अधिक. अशा रीतीने बाजार एकदा भरू लागला की तो भरतच राहतो. शेजारच्या गावी कोणी नवे आवार बांधले, तेथील दर कमी ठेवले, तरी लोक सहसा जुना बाजार सोडीत नाहीत.

हाच नियम इंटरनेटवरील लिलावांस कितपत लागू पडतो, हा प्रश्न गेल्या तीन दशकांत अनेक देशांत कसोटीस लागला. जो आधी आला तोच टिकला काय ? नंतर आलेल्या धनवान स्पर्धकांचे काय झाले ? आज शेतमाल, सरकारी खरेदी आणि किरकोळ व्यापार यांचे व्यवहार संगणकावरून होऊ लागले असताना या प्रश्नांची उत्तरे केवळ व्यापाऱ्यांपुरती उरलेली नाहीत. सार्वजनिक संस्थांचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन आरंभ, दोन वाटा

१९९५ हे वर्ष या व्यवसायाच्या आरंभाचे मानले जाते. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ‘ऑनसेल’ नावाची लिलावपेढी इंटरनेटवर सुरू झाली. संगणक व विद्युत्-उपकरणांचा शिल्लक राहिलेला किंवा दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढलेला माल ती प्रामुख्याने विकत असे. त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी, सप्टेंबर १९९५ मध्ये, त्याच राज्यातील पिएर ओमिड्यार या तरुण संगणक-तज्ज्ञाने ‘ऑक्शनवेब’ नावाचे एक साधे संकेतस्थळ उघडले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. त्यास १४.८३ डॉलर आले. १९९७ मध्ये या संकेतस्थळाचे नाव ‘ईबे’ असे झाले.

कालक्रमाने पाहता ऑनसेल आधीची. तरीही पुढे नाव झाले ते ईबेचे. १९९९ मध्ये ऑनसेलचे ‘एगहेड’ या दुसऱ्या संस्थेत विलीनीकरण झाले आणि २००१ मध्ये ती संस्थाही दिवाळखोरीत गेली. याचे एक मोठे कारण दोघांच्या रचनेत सापडते. ऑनसेल ही बव्हंशी दुकानदार होती. तिचे गिऱ्हाईक वाढले तरी माल तिलाच मिळवावा लागे. ईबेने स्वतःजवळ मालच ठेवला नाही. तिने केवळ बाजाराची जागा उपलब्ध करून दिली. विकणाराही सामान्य नागरिक आणि घेणाराही सामान्य नागरिक. येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्यामुळे घेणाऱ्यांचे आकर्षण वाढले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकामुळे विक्रेत्यांचे. दुकान आणि बाजार यांतील हा भेद या विषयाचा पाया होय.

गर्दी आणि भाव

गर्दीमुळे भाव कसा वाढतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. शिक्षकांना वर्गात फळ्यावर मांडता येईल असे हे उदाहरण आहे.

समजा, एका घरातील जुना पितळी हंडा विकावयाचा आहे. तो घेऊ इच्छिणारे पाचजण आहेत आणि त्यांची अधिकाधिक द्यावयाची तयारी अनुक्रमे ९००, १२००, १५००, १८०० व २००० रुपयांची आहे. लिलावात भाव ठरतो तो दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकाच्या तयारीवर, कारण तो थांबला की बोली थांबते. लहान बाजारात या पाचांपैकी ९०० व १५०० रुपयांचे दोघेच आले, तर हंडा जेमतेम ९०० रुपयांच्या वर जाईल. मोठ्या बाजारात पाचही जण आले, तर तोच हंडा सुमारे १८०० रुपयांस जाईल. आता मोठ्या बाजाराने शेकडा पाच दलाली घेतली व लहान बाजाराने काहीच घेतली नाही, असे धरू. विक्रेत्याच्या हाती मोठ्या बाजारात १७१० रुपये पडतील, लहान बाजारात ९००. सारांश, फुकट पण ओस बाजारापेक्षा दलाली घेणारा पण भरलेला बाजार विक्रेत्यास परवडतो.

हे गणित प्रत्यक्षातही पडताळून पाहण्यात आले आहे. जेनिफर ब्राऊन व जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी एकाच प्रकारची नाणी ईबे आणि याहू या दोन्ही ठिकाणी लिलावास लावली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ईबेवर मिळालेली किंमत याहूपेक्षा २० ते ७० टक्क्यांनी अधिक होती. नाणे तेच असताना केवळ जागा बदलल्याने किंमत बदलली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

नावलौकिकाची मिळकत

इंटरनेटवरील बाजारात घेणारा व विकणारा एकमेकांस पाहत नाहीत. पैसे आधी पाठवावेत की माल आधी पाठवावा, हा पेच प्रत्येक सौद्यात असतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये ओमिड्यार यांनी यावर एक तोड काढली. प्रत्येक सौद्यानंतर दोन्ही पक्षांनी एकमेकांविषयी बरा-वाईट अभिप्राय नोंदवावा आणि तो सर्वांना वाचावयास खुला असावा, अशी ही व्यवस्था होती. गावात एखाद्याची पत त्याच्या पूर्वीच्या व्यवहारांवरून ठरते. तीच पत येथे आकड्यांत मांडली गेली.

या व्यवस्थेचा एक परिणाम दूरगामी ठरला. शेकडो सौदे सचोटीने पार पाडून विक्रेत्याने मिळविलेली पत त्या संकेतस्थळाच्या नोंदवहीत राहते. तो दुसऱ्या बाजारात गेला तर तेथे तो अनोळखी ठरतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ईबेवरील एका जुन्या, नावाजलेल्या विक्रेत्याने काही जुनी पत्रचित्रे स्वतःच्या नावाने आणि तशीच काही नव्या, अपरिचित नावांनी विकली. जुन्या नावास सुमारे आठ टक्के अधिक किंमत मिळाली. बाजार बदलणे म्हणजे या मिळकतीवर पाणी सोडणे होय. म्हणूनच मनात नाराजी असूनही विक्रेते सहसा हलत नाहीत. आधी आलेल्याचे खरे बळ येथे आहे.

फुकट बाजाराचा पराभव

सप्टेंबर १९९८ मध्ये ईबेचे समभाग प्रत्येकी १८ डॉलर दराने विक्रीस निघाले आणि पहिल्याच दिवशी त्यांचा भाव अडीच पटींहून अधिक झाला. साहजिकच इतरांचे लक्ष या व्यवसायाकडे वळले. त्याच महिन्यात याहूने अमेरिकेत आपला लिलाव-बाजार उघडला व वस्तू मांडण्याचे शुल्क माफ ठेवले. मार्च १९९९ मध्ये पुस्तकविक्रीत नावारूपास आलेली ॲमेझॉनही या क्षेत्रात उतरली. सप्टेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट, डेल, लायकॉस आदी संस्थांनी ‘फेअरमार्केट’ या व्यवस्थेद्वारे आपापल्या लिलावांची एक संयुक्त साखळी उभारली. या सर्वांजवळ पैसा, कीर्ती आणि वाचकवर्ग यांची वाण नव्हती.

ईबेची सेवाही त्या काळी निर्दोष नव्हती. जून १९९९ मध्ये तिची संगणक-यंत्रणा सुमारे २२ तास बंद पडली होती. तरीही लोक कायमचे दुसरीकडे गेले नाहीत. याहूने २००१ च्या आरंभी शुल्क लावताच तेथील मालाची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. २००५ मध्ये तिने ते पुन्हा माफ केले, परंतु गेलेली गर्दी परतली नाही. अखेर जून २००७ मध्ये याहूने अमेरिका व कॅनडा येथील आपला लिलाव-बाजार बंद केला.

या काळात आणखी एक वाट निघू पाहत होती. ‘बिडर्स एज’ नावाची संस्था निरनिराळ्या संकेतस्थळांवरील लिलाव एकत्र करून एकाच पानावर दाखवीत असे. गिऱ्हाइकास सर्व बाजार एकत्र दिसले असते, तर लहान बाजारांतील मालही त्याच्या नजरेस पडला असता आणि गर्दीचे मोल काही अंशी उतरले असते. ईबेने याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. प्रतिवादीची यंत्रे आपल्या संकेतस्थळास दररोज सुमारे एक लाख वेळा भेट देतात व आपल्या संगणकांवर विनापरवाना भार टाकतात, असे तिचे म्हणणे होते. मे २००० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने बिडर्स एजला मनाई केली. यावरून असे दिसते की, आधी आलेल्याची आघाडी केवळ गर्दीने टिकते असे नव्हे. बाजारातील माहितीवर हक्क कोणाचा, याचा निर्णयही तिला हातभार लावतो.

जपान : नाव तेच, निकाल उलटा

येथपर्यंतची हकीकत वाचून असे वाटेल की ईबेस जिंकणे अशक्यच होते. परंतु जपानमध्ये नेमके उलट घडले. तेथे याहू जपानने सप्टेंबर १९९९ मध्ये लिलाव सुरू केले. ईबे सुमारे पाच महिन्यांनी, २००० च्या आरंभी, तेथे पोहोचली. अमेरिकेत तीन वर्षांनी मागे असलेली याहू जपानमध्ये काही महिने पुढे होती, आणि तेवढे अंतर पुरेसे ठरले. याहू जपानने प्रारंभी शुल्क घेतले नाही. ईबेने मात्र शुल्क घेतले आणि सभासदांकडून क्रेडिट कार्डाचा क्रमांक मागितला. त्या काळी अनेक जपानी ग्राहकांना हे रुचले नाही. मार्च २००२ मध्ये ईबेने जपानमधील आपले संकेतस्थळ बंद केले.

अमेरिकेतील कोट्यवधींची गर्दी ईबेच्या जपानमध्ये उपयोगी पडली नाही, कारण भाषा, टपाल, चलन आणि चालीरीती वेगळ्या असल्या की बाजारही वेगळा होतो. नाशिकच्या कांदा-बाजारातील गर्दीचा फायदा दुसऱ्या राज्यातील भाजीविक्रेत्यास होत नाही, तसेच हे आहे. आघाडी ही त्या त्या बाजारापुरती असते. आणखी असे की, शुल्कमाफीचे जे शस्त्र अमेरिकेत निष्प्रभ ठरले, तेच जपानमध्ये प्रभावी ठरले. फरक वेळेचा होता. बाजार भरण्यापूर्वी दिलेली सवलत लोकांना आणते. बाजार भरल्यावर दुसरीकडे दिलेली सवलत त्यांना हलवू शकत नाही.

चीन : आघाडीवाल्याची पीछेहाट

चीनचा अनुभव याहूनही बोधप्रद आहे. तेथे १९९९ मध्ये शांघायमध्ये ‘ईचनेट’ हा लिलाव-बाजार सुरू झाला व लवकरच अग्रेसर ठरला. ईबेने २००२ मध्ये ३ कोटी डॉलर देऊन त्यातील एक-तृतीयांश हिस्सा घेतला आणि २००३ मध्ये आणखी सुमारे १५ कोटी डॉलर देऊन उरलेला हिस्साही घेतला. म्हणजे येथे आधी येण्याचा मानही ईबेकडे, गर्दीही तिच्याकडे आणि भांडवलही तिच्याकडे होते.

मे २००३ मध्ये अलिबाबा या चिनी संस्थेने ‘ताओबाओ’ हे संकेतस्थळ काढले. तेथे वस्तू मांडण्यास शुल्क नव्हते. एवढ्यानेच ती जिंकली असे मानल्यास अमेरिकेतील याहूच्या अपयशाचा उलगडा होत नाही. ताओबाओने इतर दोन गोष्टी केल्या. पहिली, त्याच वर्षी तिने ‘अलिपे’ ही व्यवस्था आणली. तीत गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थाकडे ठेव म्हणून राहत आणि माल हाती पडल्याची खात्री झाल्यावरच विक्रेत्यास मिळत. दुसरी, घेणारा व विकणारा यांना सौद्यापूर्वी थेट बोलता येईल अशी सोय तिने केली. अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याची भीती या दोहोंमुळे कमी झाली. याउलट ईबेने २००४ मध्ये चिनी संकेतस्थळ आपल्या जागतिक यंत्रणेशी जोडले. स्थानिक लोकांच्या सवयींस धरून चाललेल्या अनेक सोयी त्यामुळे बदलल्या आणि बदल करावयाचे निर्णय दूरच्या मुख्यालयावर अवलंबून राहू लागले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या वेळी चीनमध्ये इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. दरवर्षी लक्षावधी नवे लोक येत होते आणि त्यांची पत कोणत्याही जुन्या नोंदवहीत अडकलेली नव्हती. जुन्या गिऱ्हाइकांना हलविण्याऐवजी ताओबाओने नव्यांना आपल्याकडे वळविले. डिसेंबर २००६ मध्ये ईबेने चीनमधील आपले स्वतंत्र कामकाज आटोपते घेऊन ते एका स्थानिक संस्थेबरोबरच्या संयुक्त उपक्रमाकडे सोपविले.

मुंबईत सुरू झालेला प्रयत्न

या इतिहासाशी महाराष्ट्राचाही प्रत्यक्ष संबंध आहे. २००० मध्ये मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ हे लिलाव-संकेतस्थळ सुरू झाले. २००४ मध्ये ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतले व पुढे ते ‘ईबे इंडिया’ या नावाने चालू लागले. भारतात आधी येण्याचा लाभ अशा रीतीने ईबेस मिळाला होता.

२००७ मध्ये बंगळूर येथे ‘फ्लिपकार्ट’ची स्थापना झाली. तिने निश्चित किमतीस नवा माल विकण्यावर भर दिला आणि २०१० मध्ये माल घरी आल्यावर रोख पैसे देण्याची सोय सुरू केली. बँकेचे कार्ड नसलेल्या किंवा आधी पैसे पाठविण्यास कचरणाऱ्या असंख्य कुटुंबांसाठी ही सोय निर्णायक ठरली. २०१७ मध्ये ईबेने आपले भारतीय कामकाज फ्लिपकार्टकडे सोपविले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले.

येथे स्पर्धा लिलावाची लिलावाशी राहिलीच नव्हती. लोकांनी खरेदीची पद्धतच बदलली. अमेरिकेतही ॲमेझॉनचा लिलाव-बाजार अयशस्वी झाला, परंतु नोव्हेंबर २००० पासून तिने इतर विक्रेत्यांचा माल आपल्याच पानावर निश्चित किमतीस मांडण्यास आरंभ केला आणि त्यात ती कितीतरी पुढे गेली. जपानमध्येही २०१३ मध्ये आलेल्या ‘मर्कारी’ने हातातील फोनवरून निश्चित किमतीस जुन्या वस्तू विकण्याची सोय करून आपले स्थान निर्माण केले. भरलेला बाजार समोरून हल्ला करून सहसा मोडत नाही. लोकांची वाटच दुसरीकडून जाऊ लागली म्हणजे तो ओसरतो.

अनुभवांचे सार

वरील घटनांवरून चार निष्कर्ष काढता येतात.

१. केवळ आधी येण्यास फारसे मोल नाही. आधी गर्दी जमविण्यास आणि ती परस्परांस उपयोगी पडेल अशी रचना करण्यास मोल आहे.

२. आघाडी ही देश, भाषा आणि व्यवहाराच्या रीती यांच्या सीमेत राहते. एका ठिकाणी मिळालेले यश दुसरीकडे आपोआप जात नाही.

३. सवलतीचा उपयोग बाजार भरण्यापूर्वी होतो. बाजार भरल्यानंतर विश्वासाची नवी सोय किंवा व्यवहाराची नवी रीतच लोकांना हलवू शकते.

४. विक्रेत्याची पत आणि बाजाराची माहिती ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाजाराची दोरी. दलाली वाढविली किंवा नियम बदलले तरी विक्रेत्यास निघून जाणे कठीण होते.

चौथा निष्कर्ष सार्वजनिक हिताच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. गर्दीमुळे मिळणारा लाभ खरा आहे. तो मोडून पाच लहान ओस बाजार करण्यात शेतकऱ्याचे वा कारागिराचे हित नाही. परंतु त्या लाभाचा वाटा कोणास किती, हे एकट्या बाजारचालकाने ठरविणे हेही इष्ट नाही. आपल्या देशातील २००२ चा स्पर्धा अधिनियम एखाद्या संस्थेचे केवळ प्रबळ असणे हा दोष मानीत नाही. त्या प्राबल्याचा गैरवापर झाला तर मात्र तो हस्तक्षेप करतो. या भेदामागील विचार वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावा.

शासनाच्या दोन उपक्रमांकडेही या दृष्टीने पाहता येईल. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजारात निरनिराळ्या बाजार समित्या संगणकाद्वारे जोडल्या जातात. महाराष्ट्रातील बाजार समित्याही त्यात आहेत. एका आवारातील मालास दुसरीकडील व्यापाऱ्याने बोली लावावी, हा त्याचा हेतू आहे. गर्दी एका जागी आणण्याऐवजी जागाच एकमेकींस जोडण्याचा हा मार्ग होय. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या विना-नफा संस्थेमागेही असाच विचार आहे. गिऱ्हाईक एका ॲपवर असले व विक्रेता दुसऱ्यावर असला तरी सौदा व्हावा, अशी तिची योजना आहे.

तथापि यंत्रणा जोडल्या म्हणजे बाजार भरला, असे समजणे चुकीचे ठरेल. ताओबाओच्या यशामागे पैसे सुरक्षित राहण्याची हमी होती, हे विसरता येणार नाही. दूरच्या व्यापाऱ्याने न पाहिलेल्या मालावर बोली लावावी, तर मालाची प्रतवारी विश्वासार्ह हवी, पैसे वेळेवर मिळावयास हवेत आणि तक्रारीचा निकाल त्वरित लागावयास हवा. ही कामे स्थानिक पातळीवरील माणसांचीच आहेत.

ग्रामपंचायत सदस्य, बाजार समित्यांचे अधिकारी आणि शिक्षक यांनी आपल्या गावातील बचत गटांस, कारागिरांस वा शेतकरी मंडळांस एखाद्या संकेतस्थळावर माल मांडण्याचा सल्ला देताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्या मालाचे गिऱ्हाईक तेथे खरोखर आहे काय ? दलाली वजा जाता हाती काय पडेल ? पैसे केव्हा मिळतील व वाद झाल्यास कोण ऐकेल ? तेथे मिळविलेली पत व ग्राहकांची नोंद आपल्याजवळ राहील काय ? एकाहून अधिक बाजारांत माल ठेवता येईल काय ? आजची शुल्कमाफी पाहून हुरळून जाण्यापूर्वी उद्या शुल्क लागल्यास आपणांस निघता येईल की नाही, याचा विचार झाला पाहिजे. ज्या विक्रेत्यास बाजार सोडता येतो, त्याचेच म्हणणे बाजार ऐकतो.